मुलांचे दप्तर, घरचे दप्तर

शाळा सुरू होण्याच्या सुमारास कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहावे. वह्यांचा कागद बोटांनी चाचपून पाहिला जातो, कंपासपेटी उघडून-मिटून पाहिली जाते, पाण्याची बाटली उलटी करून गळते का ते तपासले जाते. 'हिची सर्टिफिकिटं ठेवायला एक फाइल द्या' ही मागणी मात्र पैसे देता देता येते आणि दुकानदार हाताला लागेल ती फाइल पुढे सरकवतो. वर्षभर टिकायच्या वस्तूसाठी आपण इतके चोखंदळ, आणि जन्मभर टिकायला हवी ती वस्तू मात्र 'काहीही चालेल' या भावात!

वास्तविक कागद जपण्याची आपली परंपरा जुनी आहे. 'दप्तर' हा शब्दच पाहा. आज तो मुलांच्या पाठीवर दिसतो; पण फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ कागदपत्रांचा संग्रह. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडाचे बासन. आजीची पोथीही अशाच बासनात असे. सुती कापडातून हवा खेळते, धूळ बसत नाही, कागद घामेजत नाही. प्लॅस्टिकच्या युगात आपण नेमके हेच विसरलो.

कोणी म्हणेल, एवढे काय त्या कागदांचे? ज्यांनी जात पडताळणीसाठी हेलपाटे घातले आहेत, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. अशा वेळी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नातीच्या प्रवेशासाठी धावून येतो. चौथीतून शाळा सुटलेल्या त्या माणसाला आपला कागद एवढा मोलाचा ठरेल, असे स्वप्नातही वाटले नसेल! ज्या घरात तो जपला गेला ते घर सुटले. ज्या घरात तो वाळवीने खाल्ला, ते अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते आहे.

तेव्हा फाइल निवडताना चार गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते. पहिली गोष्ट मापाची. बाजारातल्या बहुतेक फायली ए-फोर मापाच्या, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटरच्या असतात. गुणपत्रिका त्यात बसते. पण मुले ज्या पाव इम्पिरियल कागदावर चित्रे काढतात, तो ११ बाय १५ इंचांचा असतो. तो त्यात घडी घालूनच जाणार, आणि घडीवर रंग आधी तडकतो. म्हणून चित्रांसाठी ए-थ्री मापाची वेगळी फाइल हवी. दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. मऊ, चिकट, उग्र वासाचे पाकीट बहुधा पीव्हीसीचे असते. झेरॉक्सची अक्षरे काही वर्षांत त्यालाच चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट त्यापेक्षा कितीतरी बरे. तिसरी गोष्ट, लॅमिनेशनचा मोह टाळावा. गरम करून चिकटवलेला तो पापुद्रा पुन्हा निघत नाही, आणि उद्या मूळ कागदावर शिक्का मारायची वेळ आली तर तो उठत नाही. चौथी गोष्ट, सेलोटेप आणि टाचणी फायलीबाहेरच ठेवावी. टेप पिवळी पडते, टाचणी गंजते. तेलखडूच्या चित्रावर मात्र एक बटर पेपर जरूर घालावा.

आणि जागा? पलंगाखालच्या पेटीत तर मुळीच नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०२१च्या जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. कपाटाचा वरचा खण, बाहेरच्या भिंतीपासून थोडा दूर, आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा हवा दाखवणे, एवढे पुरते.

'आता सगळे मोबाइलवर असते' असा एक युक्तिवाद हमखास होतो. २०१५ पासून डिजिलॉकर आहे, ही सोयीची गोष्ट आहे आणि ती जरूर वापरावी. पण आजोबांचा दाखला त्यात आपोआप येत नाही. आणि सहा वर्षांच्या मुलीने काढलेले, चुलीपेक्षा मोठ्या मांजराचे चित्र कोणत्या बोर्डाकडे नोंदलेले असणार?

माझा खरा मुद्दा इथेच आहे. कित्येक घरांत मी मुलांच्या फायली पाहिल्या. पाहुण्यांपुढे त्या कौतुकाने उघडल्या जातात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रमाणपत्रे: हस्ताक्षर स्पर्धा, पाठांतर, 'सहभागाबद्दल', 'उत्तेजनार्थ'. चित्र एकही नाही. ती कधीच रद्दीच्या तराजूत गेलेली असतात. प्रमाणपत्रात लोकांनी मुलाविषयी काय म्हटले ते असते, तेही छापील शब्दांत, फक्त नाव शाईने भरलेले. चित्रात मुलाने जगाविषयी काय म्हटले ते असते. आपण पहिले जपतो आणि दुसरे विकतो, तेव्हा मुलाला न बोलता एक धडा देतो: बक्षीस मिळाले तरच तुझ्या हातचे मोलाचे! हा धडा मुले फार लवकर शिकतात. मग बक्षीस नसेल तर चित्रच काढत नाहीत.

सगळेच जपा, असे मी म्हणत नाही. दोन खोल्यांच्या घरात ते शक्यही नाही. वर्षाकाठी दहा चित्रे ठेवावीत. पण ती निवडायची मुलाने, आपण नव्हे. आपल्याला रेखीव वाटणारे चित्र तो बाजूला सारेल आणि रेघोट्यांचे एक कवटाळून बसेल. बसू द्यावे. पाठीमागे पेन्सिलीने तारीख, वय आणि चित्राविषयी तो जे सांगेल ते एक वाक्य लिहावे. शाई पाझरते, पेन्सिल टिकते.

दाखल्यांची फाइल आईवडिलांनी सांभाळावी; ते त्यांचे कर्तव्यच आहे. चित्रांची फाइल मात्र मुलाच्या हाती लागेल अशा जागी असावी. त्यातून एखादे चित्र हरवले, तर त्याला रागावू नये. ते त्याचेच होते.