मापी की वजनी?

माझी आजी अजून शेराच्या हिशेबाने बोलते. कुणी 'शेरभर' म्हटले की तिचा पहिला प्रश्न, "मापी की वजनी?" वजनी शेर म्हणजे ८० तोळे, आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेर म्हणजे नुसते भांडे. त्यात तांदूळ भरा नाहीतर पोहे, वजन ज्या त्या जिनसाचे. १९५६ च्या कायद्याने पुढे किलो-लिटर आले आणि हा प्रश्न मिटला, अशी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीपर्यंत.

आई दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डरी घेते. त्या पैशांतून धाकट्या बहिणीची फी जाते. आईचे प्रमाण वाटीचे: चार वाट्या मैदा, एक रवा, दोन पिठीसाखर, दोन थिजलेले तूप. पण सामान येते किलोने, मग डझनाला खर्च किती पडतो हे कळणार कसे? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, कॉस्टिंग नुकतेच शिकलेला. आईची वाटी पाण्याने भरून काट्यावर ठेवली. १५० ग्रॅम! झाले, वहीत लिहिले: एक वाटी = १५० ग्रॅम. दहापट घाण्यासाठी मैदा ६ किलो, रवा दीड, साखर ३, तूप ३. आई म्हणाली, "मैदा फार दिसतो रे." मी तिला वही दाखवली. माझ्या वहीपुढे ती गप्प बसली, याची मला आज लाज वाटते.

पीठ मळताना गोळाच धरेना. कसेबसे वळून ट्रे बेकरीच्या भट्टीवर नेले. भट्टीवरच्या अण्णांनी एक नानकटाई मोडून पाहिली आणि म्हणाले, "तम्मा, तूक बेरे, अळते बेरे." वजन वेगळे, माप वेगळे. आजीचाच प्रश्न, कन्नडातून! तीन किलो तूप वाया गेले आणि ऑर्डर परत करावी लागली.

नंतर तीच वाटी घेऊन बसलो. सैल भरलेला मैदा ७६ ग्रॅम, दाबून भरला तर ९५. रवा १०५, पिठीसाखर ८०, तूप १३६. म्हणजे मी मैदा आणि साखर जवळजवळ दुप्पट घातली होती आणि तूप फक्त दहाव्या हिश्शाने जास्त. गोळा धरणार कशाने?

आम्हा वाणिज्यवाल्यांना एका दराने सगळे गुणायची सवय. पौंडाचे किलो करायला एक आकडा पुरतो. मापाचे वजन करायला मात्र प्रत्येक जिनसाचा दर निराळा, आणि मैद्याचा तर भरणाऱ्याच्या हातागणिक निराळा. मोबाइलवरचे तक्ते पाहिले तर अमेरिकेचा कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा. त्यांच्या कपाने आमची वाटी कशी मोजायची?

आमच्यातले काहीजण म्हणतात, बायकांचा वाटीचा हिशेब अशास्त्रीय. मला हे साफ नामंजूर आहे. वाटी तीच, हात तोच, तोवर आईचे प्रमाण चोख होते. चूक रूपांतर करणाऱ्याची. मात्र जी पाककृती छापून परक्या घरी जाते, तिच्यात नुसते 'एक वाटी' लिहिणे हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल. एकतर ग्रॅम द्या, नाहीतर वाटीत किती मिलिलिटर मावते ते सांगा. सोड्यासारखी चिमूटभर वस्तू चमच्याने मोजली तरी चालेल. घरचा काटा तेवढे नीट दाखवीतही नाही.

यंदा कॉस्टिंग मीच करणार आहे. परवा आईला प्रत्येक जिन्नस तिच्या पद्धतीने तीन-तीनदा वाटीत भरायला सांगितला आणि दर वेळी वजन टिपून घेतले. मैद्याच्या वेळी विचारले, "आई, सैल भरतेस की दाबून?"

"भरते तशी भरते. तू आपला लिही."


लिहिले: ७९, ७८, ७९.