पॉलिसी नावाची संहिता

संहितेचा अर्थ एकट्या लेखकाच्या हाती नसतो, वाचकही तो घडवीत असतो, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. आरोग्यविम्याची पॉलिसी या सिद्धान्ताला फारशी जुमानत नाही, हे मात्र आम्हांला उशिरा कळले. आमच्या एका सहकाऱ्याचा दावा विमा कंपनीने 'आधीपासून असलेला आजार' एवढ्या कारणावर नाकारला, तेव्हा आम्ही तिघांनी ती इंग्रजी संहिता प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचली. तिघेही मराठीचे एम. ए., वाचणे हाच आमचा व्यवसाय. तरीही विकत घेताना आम्ही काय वाचले होते? एजंटाचा चेहरा!

आम्ही तासिका तत्त्वावर शिकवतो. कायम सेवेतील सहकाऱ्यांना मिळते तशी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती आमच्या वाट्याला नाही. आधार दोनच: शासनाची योजना आणि खासगी बाजार. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढच्या वर्षी सर्वत्र आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या ज्या चौदा जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिने सामावून घेतले, त्यांत आमचा बीड होता. २०२३ च्या निर्णयानुसार तिचे दार सर्वच कुटुंबांना उघडले आणि संरक्षणाची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपये झाली. हे मोलाचे आहे. परंतु उपचार ठरलेल्या यादीतला हवा, रुग्णालय अंगीकृत हवे. उरलेल्यासाठी माणूस बाजारातच जातो.

या बाजारावर देखरेख नाही, असे मुळीच नव्हे. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही; अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. तक्रारीसाठी विमा लोकपाल आहे, त्याला शुल्क लागत नाही. सर्व कंपन्यांच्या पॉलिसी एकाच ठिकाणी पाहता आणि घेता याव्यात म्हणून 'विमा सुगम' या सामाईक बाजारपेठेचे नियमही त्याच वर्षी झाले. प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या शब्दांतले माहितीपत्रक द्यावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे लागते.

'मागितल्यास' या एका शब्दावर आम्ही अडखळतो. ज्याला इंग्रजी येत नाही, त्यानेच आपल्या हक्काचा नियम आधी शोधायचा आणि मग मराठी मागायची! ज्या मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईत दाखवली जाते, त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी वेदान्त मराठीत आणला. ब्रह्म मराठीत मावते आणि प्रतीक्षाकाळ मावत नाही, हे आम्ही कसे मानावे?

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या विमाबाजारांकडे या संदर्भात पाहावेसे वाटते. त्यांत उणिवा पुष्कळ आहेत, हप्ते जड आहेत. पण तेथे आधीच्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही, आणि खरेदीआधी समजावून सांगणारे जे मार्गदर्शक नेमलेले असतात, त्यांना विमा कंपनीकडून दलाली घेता येत नाही. शिवाय व्यक्तिगत विम्यात हप्त्यांच्या रकमेतील किमान ८० टक्के वाटा कंपनीने उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्चावा, नाहीतर फरक ग्राहकांना परत करावा, असे बंधन आहे.

हा आकडा बीडकरांना ओळखीचा वाटेल. २०२० साली येथे पीकविम्याचा जो 'बीड पॅटर्न' सुरू झाला, त्यात भरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्क्यांपर्यंतच रक्कम स्वतःकडे ठेवायची आणि उरलेली शासनाला परत करायची होती. भरपाई ११० टक्क्यांपुढे गेली तर वरचा भार शासनाचा. नफ्याला मर्यादा घालता येते, हे या जिल्ह्याने शेताच्या बांधावर पाहिले आहे. शेताला लावलेला न्याय देहाला का लावू नये?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. माहितीपत्रक न मागता मराठीत मिळावे. शासकीय योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात भेटतो, म्हणजे आजार झाल्यावर. तसाच दलाली न घेणारा मित्र पॉलिसीवर सही करण्याआधी तालुक्याला भेटावा.

आणि एक काम आमच्याच खात्यावर आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकवतो. त्यात एक पॉलिसी का नसावी? संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरोधात लावावा, असे तत्त्व आपली न्यायालये विमाकरारांत मानत आली आहेत. म्हणजे वाचकाचा अधिकार येथेही आहे. पण त्यासाठी आधी वाचक हवा. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले आमच्यासमोर बसतात. घरातला पहिला वाचक बहुधा तेच असतात.