उधळ्याची बाजू

इंग्रजीतील ‘स्पेंडथ्रिफ्ट’ हा शब्द शिकवताना ‘उधळ्या’ असा प्रतिशब्द सांगून पुढे जाण्याची आपली रीत आहे. प्रतिशब्द चुकीचा नाही. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, की ‘थ्रिफ्ट’ म्हणजे काटकसर असेल, तर काटकसर खर्च करणारा माणूस उधळ्या कसा ठरतो? हा प्रश्न भाबडा नाही. त्याच्या उत्तरात एका समाजाच्या मालमत्ताविषयक भीतीचा इतिहास आहे.

‘थ्रिफ्ट’ हा शब्द ‘थ्राइव्ह’ या क्रियापदाच्या कुळातला, प्राचीन नॉर्सकडून आलेला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ भरभराट, बरकत असा होता. बरकतीने साठलेले धन हा पुढचा अर्थ, आणि ते धन जपण्याची वृत्ती, म्हणजे काटकसर, हा त्याच्याही नंतरचा. १६०० च्या सुमारास ‘स्पेंडथ्रिफ्ट’ घडला तेव्हा खर्च होत होती ती काटकसर नव्हे, घराची बरकत होती.

हा शब्द एकटा नव्हता. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘डिंगथ्रिफ्ट’ होता, म्हणजे बरकतीला बडवून काढणारा. ‘स्कॅटरगुड’ होता, म्हणजे चीजवस्तू विखरून टाकणारा. येथील ‘गुड’चा चांगुलपणाशी संबंध नाही, तो मालमत्तेचा वाचक आहे. ‘स्पेंडऑल’ होता, ‘अनथ्रिफ्ट’ही होता. यांतील बहुतेकांची घडण ‘पिकपॉकेट’, ‘कटथ्रोट’ यांसारखी आहे: आधी क्रियापद, मग त्याचे कर्म. मराठीत हाच क्रम उलटा होऊन खिसेकापू, गळेकापू, घरबुडव्या असे शब्द होतात. दोन्ही भाषांत ही घडण शिवीला मानवते, कारण ती माणसाचे सारे अस्तित्व एकाच कृत्यात कोंबते. घरबुडव्या माणूस आणखी काय होता, हे विचारण्याची सोय त्या शब्दात राहत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की हे सर्व शब्द फिर्यादीचे आहेत. ज्याच्याजवळ साठवलेले काही आहे आणि ते जाईल अशी धास्ती आहे, त्याने ते घडवले. आरोपीचे म्हणणे शब्दकोशात सापडत नाही. ते ऐकायचे तर साहित्याकडेच वळावे लागते.

चौदाव्या शतकातील ‘विनर अँड वेस्टर’ या काव्यात मिळवणारा आणि उधळणारा राजापुढे वाद घालतात. तेथे उधळ्या गप्प बसत नाही. कोठारात कुजणाऱ्या साठ्याचा कोणाला काय उपयोग, आपल्या खर्चावर तर गोरगरीब जगतात, असा त्याचा प्रतिवाद आहे. राजाही कोणाला सरळ दोषी ठरवत नाही. तो एकाला रोमला पोपच्या दरबारी आणि दुसऱ्याला लंडनच्या चीपसाइड बाजारात धाडतो. उपलब्ध हस्तलिखित तेथेच खंडित होते.

शेक्सपिअरचे ‘टायमन ऑफ अथेन्स’ हे १६२३ च्या पहिल्या फोलिओत छापलेले नाटक वेगळाच प्रश्न उभा करते. टायमन उधळ्या आहे, याविषयी दुमत नाही. त्याचा कारभारी त्याला वेळोवेळी सावध करतो. पण त्याच्या पंक्तीला जेवून नंतर उसनवारी नाकारणाऱ्या मित्रांना काय म्हणावे? उधळणाऱ्यासाठी भाषेने डझनभर नावे घडवली, त्या उधळपट्टीवर पोसलेल्यांसाठी मात्र तिने इतके कष्ट घेतले नाहीत.

‘प्रॉडिगल’ या शब्दाचे प्रकरण याहून बोलके आहे. लूकच्या शुभवर्तमानातील धाकट्या मुलाच्या कथेमुळे तो सर्वतोमुखी झाला. पण १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात कथेच्या मूळ वचनांत तो नाही, केवळ अध्यायाच्या सारांशात आहे. कथेत मुलगा धन उडवतो हे खरे. तरी पित्याच्या लेखी तो हरवून सापडलेला मुलगा आहे, आणि उडवलेल्या पैशाचा हिशेब थोरला भाऊ मांडतो. परंपरेने कथेला नाव देताना थोरल्या भावाची दृष्टी स्वीकारली. मराठीत ‘उधळ्या पुत्र’ म्हणताना आपणही तेच करतो.

१७७६ मध्ये ॲडम स्मिथने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये उधळ्याला समाजाचा शत्रू आणि काटकसरी माणसाला उपकारकर्ता ठरवले. त्याचा युक्तिवाद भक्कम होता: बचतीतून भांडवल होते आणि भांडवलावर कामकरी पोसले जातात. वेस्टरचा दावा त्याने नेमका उलटा केला. मात्र दोघांच्याही युक्तिवादात दुसऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे विसरू नये. नुसत्या शिवीत तो कधीच नसतो.

आज ‘डिंगथ्रिफ्ट’ मोठ्या कोशांपुरता उरला आहे. ‘स्कॅटरगुड’ मुख्यत्वे आडनाव म्हणून टिकले, आणि साध्या राहणीसाठी प्रसिद्ध असलेल्या क्वेकर पंथाच्या एका नामांकित उपदेशकाचे, टॉमस स्कॅटरगुड याचे, तेच आडनाव होते. शब्द मेले म्हणून उधळपट्टी थांबलेली नाही. म्हणूनच हे शब्द वर्गात केवळ समानार्थी शब्दांची यादी म्हणून शिकवले जाऊ नयेत, असे आम्हांला वाटते. अर्थ सांगून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: हा शब्द कोण, कोणाला आणि कशाच्या भीतीने म्हणतो आहे? साहित्याच्या अध्यापनाचा कोशाहून वेगळा असा उपयोग येथूनच सुरू होतो.