दाराआडचे कान

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या घरी चहाच्या वेळी सन २०२० च्या टाळेबंदीची गोष्ट निघाली. कोणी रिकाम्या रस्त्यांचे वर्णन केले, कोणी त्या दिवसांतील आपले पाककौशल्य सांगितले. यजमानांच्या सूनबाई लहान मुलांच्या मानसोपचाराचे काम करतात. त्या म्हणाल्या, "अत्याचार सोसलेल्या मुलांवर आम्ही तेव्हा टेलिफोनवरून उपचार करीत होतो." यावर एक वयोवृद्ध गृहस्थ हसून उद्गारले, "वैद्य नाडी पाहतो. तुम्ही काय टेलिफोनची नाडी पाहिलीत?"

"नाही अण्णा, आधी दाराची पाहिली. ते लागते की नाही, आणि लागले तर त्याच्याआड कोण उभे आहे!"

बैठकीतील हसणे तेथेच थांबले, आणि आम्हांस या सदराचा विषय मिळाला.

घर म्हणजे निवारा, ही समजूत आम्हां सुशिक्षितांच्या मनात इतकी रुजलेली आहे की, घरी राहा व सुरक्षित राहा ही त्या वर्षीची सूचना आम्ही निःशंकपणे शिरोधार्य मानली. परंतु ज्या मुलाचा छळ घरातच होतो, त्याने ती कशी ऐकली असेल? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने सन २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस विचारणा झाली होती. तीत लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या परिचयाचे अथवा विश्वासाच्या नात्यातले निघाले. अशा मुलाला एरवी शाळा असते, शेजारच्या काकूंचा ओटा असतो. ते सारे एका रात्रीत बंद झाले. अमेरिकेत मुलांच्या छळाच्या ज्या वर्द्या सरकारी खात्याकडे जातात, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश शाळांतील मंडळींकडून येत असत. सन २०२० च्या वसंतात शाळा मिटल्या आणि वर्द्यांची संख्या घसरली. छळ कमी झाला म्हणून नव्हे. पाहणारे डोळे दूर गेले म्हणून. आपल्याकडे १०९८ हा मुलांचा टेलिफोन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून सन १९९६ मध्ये सुरू झालेला. त्यावर २० ते ३१ मार्च २०२० या अवधीत तीन लाखांवर हाका आल्या. सगळ्याच छळाच्या होत्या असे नव्हे; कोणास अन्न हवे होते, कोणास औषध. पण मुले आणि त्यांच्यासाठी झटणारी माणसे टेलिफोनाकडे वळली होती, हे खरे.

हाक मारणे वेगळे आणि बरे होणे वेगळे. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर या तिघा अमेरिकन तज्ज्ञांनी घडविलेली 'टीएफ-सीबीटी' नावाची एक उपचारपद्धति आहे. बहुधा बारा ते सोळा भेटी. मूल आणि त्याचा विश्वासू पालक यांच्याशी प्रथम निरनिराळे व मग एकत्र बोलणे. आधी श्वास शांत करावयास शिकावयाचे, भीति, राग, लाज यांस नावे द्यावयाची, आणि धीर आल्यावर घडलेली गोष्ट थोडी थोडी करून स्वतःच्या तोंडाने सांगावयाची. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या वैद्यक विद्यापीठातील मंडळींनी हीच पद्धति साथीच्या आधीपासून व्हिडिओद्वारे दूरच्या मुलांपर्यंत नेली होती. त्यांच्या एका प्रयोगात ७० मुलांपैकी ६२ जणांनी उपचार पुरा केला. भेटी मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाण या कामात किती मोठे असते हे जे जाणतात, त्यांस या आकड्याचे मोल कळेल. तेव्हा अण्णांच्या शंकेला उत्तर होते. टाळेबंदीत जे करावे लागले ते केवळ अंधारातील चाचपडणे नव्हते.

तरीही प्रयोग निराळा आणि दोन खोल्यांचे घर निराळे. सूनबाईंनी सांगितलेला क्रम आम्ही लक्षपूर्वक ऐकला. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न, तू आत्ता कोठे बसला आहेस? पत्ता लिहून घ्यावयाचा. काही अघटित घडले तर मदत कोणत्या दारी पाठवावयाची हे ठाऊक नको काय? दुसरा प्रश्न, घरात कोण कोण आहे? मुलाच्या कानात इयरफोन घातला म्हणजे समोरच्याचे बोलणे झाकले जाते, पण मुलाचा स्वतःचा आवाज उघडाच राहतो. म्हणून प्रश्न असे घडवावयाचे की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच पुरावे. कोणी खोलीत आले तर उच्चारावयाचा एक खुणेचा शब्द ठरलेला; तो ऐकताच उपचारक गणिताच्या गृहपाठाविषयी बोलू लागत! दाराबाहेर रेडिओ लावून ठेवणे हीही एक युक्ति. जेथे टेलिफोन एकच, आणि तो नेमका त्याच माणसाच्या खिशात, तेथे मात्र कोणतीच युक्ति चालली नाही. आणि जेथे छळणारा अद्याप त्याच छपराखाली आहे, तेथे घडलेली गोष्ट उकलावयास लावणे हे धोक्याचेच. तेथे मूल सुरक्षित करणे हेच पहिले काम, उपचार मागाहून.

कायद्याचीही एक गाठ आहे. टेलिफोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयी केंद्राचे नियम २५ मार्च २०२० रोजी निघाले. त्यांत अज्ञान मुलाबरोबर प्रौढ माणूस असलाच पाहिजे आणि त्याची ओळख पटली पाहिजे असे आहे. नियम डॉक्टरांसाठी आणि एरवी योग्यच. पण तो प्रौढ कोण, हाच येथे सारा प्रश्न! उलट, सन २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणजे "कोणाला सांगू नका हं" असे मूल म्हणाले, तर "नाही सांगत" असे वचन उपचारकास देता येत नाही. हे मुलाला आरंभीच सांगावे लागते. सांगितल्यावर कित्येक मुले गप्प होतात. सूनबाई म्हणाल्या, अशा वेळी त्या टेलिफोन ठेवीत नसत. दोघेही काही न बोलता चित्रे काढीत बसत.

आम्हांस सर्वांत अधिक आठवते ते त्यांनी आयांविषयी सांगितलेले. मूल बरे होण्यास आईने त्याचे म्हणणे खरे मानणे यासारखे औषध नाही. परंतु टाळेबंदीत कित्येक आयांपुढे एका बाजूस मूल, दुसऱ्या बाजूस मिळवता नवरा किंवा ज्याच्या घरी आश्रय घेतला तो दीर, आणि बाहेर पडावे तर गाडी बंद. म्हणून पहिल्या कित्येक भेटी मुलाशी न होता आईशीच झाल्या, त्याही कपडे वाळत घालताना गच्चीवरून. "आणि ही सारी गरिबांचीच घरे होती असे समजू नका, अण्णा," त्या म्हणाल्या. "पुस्तकांनी भरलेली कपाटे मागे दिसत असत."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तो दहा नऊ आठ अजून चालतो का?"

"चालतो. सन २०२३ पासून शासनाकडे आहे."

त्यांनी चष्मा लावला, वर्तमानपत्राच्या कडेला आकडा लिहिला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही.