विसरणाऱ्याचा खेळ

मुलांची स्मरणशक्ति वाढावी, ही प्रत्येक पालकाची इच्छा असते. त्यासाठीं औषधें शोधावयास नकोत. चार सवंगडी पुरेत.

गोंदिया जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिकवीत असतां आम्ही वर्गांतील मुलांना वर्तुळांत बसवून स्थलनामांची माळ गुंफवीत असूं. पहिल्यानें 'नागझिरा' म्हणावें, दुसऱ्यानें 'नागझिरा, नवेगावबांध', तिसऱ्यानें त्यांस 'इटियाडोह' जोडावें. जो चुके, त्यानें उठून भिंतीशीं उभें राहावें. पुढें ध्यानांत आलें कीं, ज्याला सरावाची गरज अधिक, तोच सर्वांआधीं भिंतीशीं जाई! एका मुलानें तर खेळाच्या दिवशीं शाळेंत येणेंच सोडलें. दोष त्याच्या स्मृतीचा नव्हता. आमच्या नियमाचा होता.

तेव्हां वेदपाठकांचा क्रमपाठ आठवला. त्यांत पहिलें पद दुसऱ्यासह, दुसरें तिसऱ्यासह, तिसरें चौथ्यासह म्हणतात. प्रत्येक पद मागच्याचा हात धरून येतें, म्हणून स्मृतीला आधार मिळतो. आम्हीं तीच रीत घेतली: 'नागझिरा–नवेगावबांध, नवेगावबांध–इटियाडोह'. अडखळणाऱ्यास उठवावयाचें नाहीं. शेजाऱ्यानें मागचें नांव सुचवावें, पुढचें त्याचें त्यानें आठवावें. माळ तुटलीच, तर साऱ्या वर्गानें ती पुन्हां आरंभापासून म्हणावी. तो मुलगा परत आला, आणि एके दिवशीं अकरा नांवें त्यानेंच न चुकतां म्हटलीं.

वाचकहो, दिवेलागणीनंतर घरांतील मुलांना एकत्र बसवून हा खेळ अवश्य खेळवावा. मात्र जो विसरतो त्याला बाहेर काढूं नये. खेळ त्याच्यासाठींच आहे.