सहल सात बेटांची, कळ दिवसभराची

भाताची झोडणी उरकली, दिवाळीचा फराळ संपला, की आंदर मावळात सहलींचे बेत शिजू लागतात. टाकवे बुद्रुकहून बचत गटाच्या बायका निघतात, भजनी मंडळ निघते, कारखान्यातले कामगार कुटुंबासह निघतात, शाळेची गाडी निघते. आळंदी-देहू झालेली असते, कार्ल्याची एकवीरा तर घरचीच. मग ठरते मुंबई, तीही एका दिवसात. पहाटे तीनला कान्हे फाटा सोडायचा, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग, गेटवे, चौपाटी, जमल्यास जुहू, आणि मध्यरात्री एकला घरी. कार्यक्रमपत्रिकेत दहा-बारा ठिकाणे असतात. नसते ती एकच गोष्ट: माणसाने लघवीला केव्हा आणि कोठे जायचे.

वाचकहो, विषय ऐकून नाक मुरडू नये. सहलीनंतरच्या दोन-तीन दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या बायकांना विचारले तर बहुतेकींचे उत्तर एकच असते: "दिवसभर पाणीच प्यायले नाही, कुठे जायचं म्हणून." आमच्या मते एका दिवसाच्या सहलीतला सर्वांत मोठा आजार हाच आहे. तो अपचनाने होत नाही की उन्हाने होत नाही. तो आखणीतून होतो.

आधी ही सहल मुळात कशाची, ते पाहू. आपण मुंबईला जातो म्हणजे बेटांच्या एका साखळीवरून गाडी नेतो, हे आपल्या ध्यानातही नसते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही सात बेटे. 1661 च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी ती इंग्लंडच्या राजाला दिली आणि 1668 मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. मधल्या खाड्यांत भरतीचे पाणी शिरायचे, ओहोटीला चिखल उरायचा, तापाने माणसे पटापट मरायची. त्या काळी गोरा माणूस येथे दोन पावसाळे काढतो, असे इंग्रज लोकच म्हणत. पुढे बांध घातले गेले. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खिंड 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डने बुजली. आपली गाडी हाजी अलीला ज्या रस्त्यावरून जाते तोच तो बांध, आजचा लाला लजपतराय मार्ग. कुलाब्याचा कॉजवे 1838 मध्ये झाला. माहीमहून वांद्र्याला जाणारा 1845 मध्ये झाला, आणि त्यासाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. नुसते हे तीन बांध घालायला साठ वर्षे लागली. आपण सगळी बेटे बारा तासांत उरकायला निघतो!

एका दिवसात बेटे पाहू नयेत असे मुळीच नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला अशीच उष्ण हवेतली बेटांची माळ आहे. 1938 मध्ये खुला झालेला, सुमारे 180 किलोमीटरांचा रस्ता 42 पुलांवरून शेवटच्या बेटापर्यंत जातो. थेट गेल्यास काही तासांचे काम. तरी हौशी मंडळी त्याला अख्खा दिवस देतात, कारण मौज थांबण्यात आहे. आपल्याकडे सहलीला जाऊन आलेल्याला "काय काय बघितलं?" असे विचारतात, आणि यादी जितकी लांब तितकी सहल झकास.

आता शरीराचे गणित पाहा. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते, म्हणजे दोन पेले. निम्मे भरले की कळ येते. कळ मारून बसले, वर पाणीही कमी प्यायले, की लघवी गडद होते, तुंबून राहते आणि तिच्यात जंतूंना वाढायला सवड मिळते. वाहते मूत्र जंतूंना धुऊन नेते, हीच निसर्गाची योजना, आणि तीच आपण बंद पाडतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट. त्यामुळे बाहेरचे जंतू बाईच्या मूत्राशयात लवकर पोहोचतात. पुरुषमंडळी गाडी थांबवून आडोशाला जाऊन येतात आणि "चला, चला, उशीर होतोय" म्हणून पुन्हा घाई करतात. गाडीत बसलेली सासू आणि सून, दोघी गप्प.

त्यातून मुंबईची हवा. टाकवे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर. येथे घाम येतो आणि वाऱ्याने वाळतो. तिकडे हवेतच इतकी वाफ की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग थंड होत नाही. म्हणजे ज्या दिवशी पाणी जास्त हवे नेमके त्याच दिवशी आपण ते तोडतो. डोके दुखते, पायात गोळे येतात, चक्कर येते आणि दोष जातो भेळेला.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सहल आखताना आधी स्वच्छतागृहे लिहावीत, मग देवळे आणि बागा. दर दोन-अडीच तासांनी एक थांबा, तोही सर्वांना सांगून, "कुणाला जायचंय का?" असे न विचारता. विचारले की बायका "नाही" म्हणतात. नुसते "पंधरा मिनिटे थांबतोय" म्हणावे. द्रुतगती मार्गावर खाद्यगृहांच्या जागी सोय आहे. पेट्रोल पंपावर ग्राहकाला स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि चाकात हवा विनामूल्य मिळायला हवी, तेव्हा डिझेल भरतानाच तो थांबा घ्यावा. मुंबईत तिकीट काढून आत जायची ठिकाणे या बाबतीत बरी पडतात. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, भायखळ्याची राणीची बाग (बुधवारी बंद असते), कुलाब्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ही तीन आणि महालक्ष्मी, एवढे पुरे. परळच्या अंगाने शिरून वरळी, वेलार्ड, कुलाबा करून माझगावमार्गे परत फिरलात तर बहुतेक सगळी बेटे चाकाखालून जातातच, आणि जुहू राहिले म्हणून काही बिघडत नाही. ते या सात बेटांत नाहीच.

परतताना शिवडीहून अटल सेतूने यायचे असेल, तर आधीच सर्वांना मोकळे करून घ्यावे. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला हा पूल जवळजवळ 22 किलोमीटरांचा आहे आणि त्यावर गाडी थांबवता येत नाही.

हा प्रश्न एकट्या सहलीचा नाही, हे खरे. मुंबईत 2011 पासून बायकांच्या संघटनांनी मोफत आणि स्वच्छ मुतारीच्या हक्कासाठी चळवळ केली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 2015 मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश दिले. ठोकळवाडी धरणाचे पाणी 1922 पासून भिवपुरीला वीज करून मुंबईचे दिवे लावते आहे. त्या मुंबईत आमच्या आंदर मावळातल्या बाईला एक बंद होणारे दार आणि नळाला पाणी मागायला संकोच का वाटावा?

गोळ्यांचेही सांगायला हवे. रक्तदाबाच्या काही रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी असते. सहलीच्या दिवशी तिला परस्पर सुट्टी देतात. तसे करू नये. वेळ मागेपुढे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहाच्या माणसाने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि रांगेत जेवण दुपारी तीनवर गेले, तर साखर उतरते. थरथर होते, दरदरून घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो. मुंबईत हा घाम उकाड्याचा समजला जातो, धोका तेथेच आहे. अशा माणसाच्या स्वतःच्या खिशात साखर हवी, सामानाच्या डिकीत ठेवून उपयोग नाही. खंडाळ्याच्या घाटात ज्यांना मळमळते त्यांनी पुढे बसावे, लांबवर नजर ठेवावी, मोबाईल बघू नये. गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. ती झोप आणते, म्हणून चालकाने मात्र कधीच घेऊ नये.

आणि तो चालक! सहलीत सर्वांत शेवटी जेवतो आणि झोपत मुळीच नाही. पहाटे तीनला निघायचे म्हणून तो दोनला उठलेला असतो. मंडळी बाग पाहतात तेव्हा तो गाडी लावायला जागा शोधत असतो. रात्री अकराला घाट चढताना त्याला जागून एकवीस तास झालेले असतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ नव्वद मीटर गाडी कुणीच चालवत नसते. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी, यांनी झोप हटत नाही, थोडी लपते. दुपारी दोन ते चारमध्ये त्याला तासभर आडवे होऊ द्यावे, निघणे पाचला ठेवावे आणि रात्री नऊपर्यंत कान्हे फाटा गाठावा. ते जमत नसेल तर दुसरा चालक घ्यावा. माणशी पन्नास-शंभर रुपये वाढतील.

सोबत चपाती-भाजी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, घरचे पाणी आणि लिंबू असावे. ओल्या नारळाची चटणी उन्हात टिकत नाही. दर तासाला पेलाभर पाणी घ्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेच माप पाळावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे समजावे.

परत आल्यावर लघवीला जळजळ, सारखी घाई किंवा ओटीपोटात दुखणे सुरू झाले तर आदल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नयेत. लघवी तपासून घ्यावी. सोबत थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखू लागले, उलट्या झाल्या किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.