शब्द कोणाचा, माल कोणाचा

मोबाइल येण्याआधी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या परिसरात बातमी आणि माल एकाच ठिकाणी भेटत, ते ठिकाण म्हणजे मंडई. भाऊबीज झाली की भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या गावोगावी या एक दिवसाच्या जत्रा सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. हलका धान तोवर कापून झालेला असतो, भारी धान शेतात असतो. दुपारी दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, मधल्या वेळात पालांवर बांगड्या, भांडी, ऊस आणि तलावातले शिंगाडे. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे जेवतात, सोयरिकीची पहिली बोलणी इथेच होतात. कोणाची विहीर आटली, कोणत्या दुकानदाराचे बियाणे उगवले नाही, कोणाचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला, हे सगळे या एका दिवसात कळे. सांगणारा समोर उभा असे, आणि त्याची पत ऐकणाऱ्याला ठाऊक असे.

खरेदीची रीत तशीच होती. साकोली नागपूर-रायपूर महामार्गावर असली तरी गावाला रेल्वे नाही. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे सौंदड हे जवळचे स्थानक. घाऊक माल ट्रकने येई आणि दुकानदाराच्या खातेवहीतून घरोघर जाई. धानाच्या पट्ट्यात बहुतेक घरांचा मोठा पैसा धान विकल्यावरच हातात येतो. तोवर किराणा, खत, कापड सगळे उधारीवर. दुकानदार भाव जरा चढा लावी, पण रोवणीच्या दिवसांत घर थांबत नसे आणि माल खराब निघाला तर कोणाकडे जायचे हे माहीत असे. या व्यवस्थेचे फार कौतुक करायचे कारण नाही. पर्याय नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार देईल तो माल आणि सांगेल तो भाव घ्यावा लागे. पण बातमी असो की वस्तू, तिच्यामागे नावगाव असलेला माणूस उभा असे, एवढे मात्र खरे.

ही घडी विस्कटायला सुरुवात झाली ती २०१६ साली. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट मिळाला. मध्येच ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. दिवाळी ३० ऑक्टोबरला झालेली, म्हणजे मंडईचा आणि धान कापणीचा ऐन हंगाम. मजुरांना द्यायला सुटे नाहीत आणि हातातल्या फोनवर चित्र दिसू लागलेले, अशा अवस्थेत पूर्व विदर्भाने इंटरनेट आपलेसे केले. शहरात संगणक, मग ईमेल, मग फोन असा क्रम लागला होता. इथे मधल्या पायऱ्या बहुतेकांनी पाहिल्याच नाहीत; व्हॉट्सॲप आणि यूट्यूब म्हणजेच नेट.

व्हॉट्सॲपने संवादाचा आकार कसा बदलला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांना लिहिण्याचा संकोच त्यांनी आवाज पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे शाळेच्या फळ्यावर कधी न चढलेली झाडीबोली फोनमधून मोकळी फिरू लागली. साकोलीत झाडीबोली साहित्य मंडळाने डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या पुढाकाराने या बोलीसाठी वर्षानुवर्षे काम केले; फोनने तिला आणखी एक, अगदी बिनखर्चाची जागा दिली. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचेही तसेच. टीव्ही आला तेव्हा आणि मोबाइल आला तेव्हाही झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातले, नाटक संपणार असे सांगितले गेले. कोरोनाच्या काळात प्रयोग थांबले, पण ते पुन्हा सुरू झाले. २०२३ साली या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आता आज नाटक कुठे आहे हे रिक्षावरच्या भोंग्याआधी बॅनरच्या फोटोवरून कळते. मंडईची तारीख, कंपनीचे नाव, तिकिटाचे दर सगळे त्या एका फोटोत, आणि तो फोटो पुण्यात कामाला गेलेल्या पोरालाही पोचतो.

अडचण आहे ती पुढे पाठवलेल्या संदेशाची. असा संदेश पाठवणारा ओळखीचा असतो, पण लिहिणारा कोण आणि लिहिला कधी, हे त्यातून गळून गेलेले असते. धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीची मुदत वाढते, तरी जुन्या तारखेचा संदेश फिरत राहतो. धानाला बोनस जाहीर झाल्याचा गेल्या हंगामातला मजकूर या हंगामात नवा म्हणून येतो आणि लोक आधारभूत खरेदी केंद्रावर विचारायला जातात. काकाने पाठवले म्हणून खरे, असा हिशेब असतो. काकाला ते कोणी पाठवले हे काकालाही माहीत नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटमध्येच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. वेग कमी झाला, लिहिणाऱ्याचे नाव काही परत आले नाही.

खरेदीतही सांगणाऱ्यामागचा माणूस असाच दिसेनासा झाला. ग्राहक दुकानात येण्याआधीच त्याची निवड झालेली असते. मोबाइल, मिक्सर, फवारणीचा पंप, पोरीच्या लग्नातली साडी, काहीही घ्यायचे तर आधी यूट्यूब. तिथे समोर काय येईल हे पाहणाऱ्याच्या आधीच्या पाहण्यावर ठरते. कोणती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, कुठे बोट थांबले, काय शोधले, याची नोंद ठेवून त्यावर जाहिरातीची जागा क्षणात लिलावात विकली जाते. भाताच्या कीडरोगाची चित्रफीत पाहणाऱ्याला औषधाची जाहिरात दिसते, हा योगायोग नसतो. समजावून सांगणारा तरुण शेतात उभा असतो, आपल्यासारखेच बोलतो, म्हणून तो आपला वाटतो. त्याला कंपनीने पैसे दिले आहेत का, हे त्याने सांगायला हवे असा नियम आहे. ते कित्येकदा कोपऱ्यातल्या बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

तरीही सगळी खरेदी फोनवर गेलेली नाही. कपडे, चपला, फोनची कव्हरे, सौंदर्यप्रसाधने ऑनलाइन गेली. कुरियरचा मुलगा पार्सलांचे पोते गाडीला बांधून गावोगाव फिरतो आणि पैसे बहुधा दारात घेतो. वस्तू हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, ही मंडईतली सवय ऑनलाइन कंपन्यांना मान्य करावी लागली. खत आणि बियाणे मात्र अजून कृषी केंद्रातूनच जाते, कारण तिथे उधारी चालते आणि धानाचे चुकारे कधी येतील हे ॲपला सांगून चालत नाही. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आले, आणि काही वर्षांत किराणा दुकानाच्या काउंटरवर रक्कम मोठ्याने बोलणारी डबी बसली. चहाचे दहा रुपयेही त्यावरून जातात. ते सोयीचे आहे, पण त्या डबीला खाते लिहिता येत नाही. रोख आणि यूपीआयचे गिऱ्हाईक कंपन्यांकडे वळते आणि उधारीचे गिऱ्हाईक दुकानदाराकडे उरते, तेव्हा दुकानदाराचे भांडवल अडकते. गावातल्या दुकानाला खरा फटका इथे बसतो. ऑनलाइन भाव दहा-वीस रुपयांनी कमी असण्याचा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे.

सरकारी कामेही याच फोनवर आली. सातबारा, ऑगस्ट २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, पीएम किसानची केवायसी, धानाची नोंदणी. ज्याला हे जमत नाही तो झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि कागदांबरोबर ओटीपीही सांगून मोकळा होतो. अनोळखी माणसाला गुप्त आकडा सांगण्याची सवय अशी सरकारी कामातूनच लागली, आणि ठगांनी ती नेमकी हेरली. पीएम किसानच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल येते. लग्नसराईत लग्नपत्रिका म्हणून तशीच फाइल येते. उघडली की फोनमधले संदेश परक्या हाती जातात, खाते रिकामे होते, आणि तीच पत्रिका त्या फोनवरून सगळ्या नातेवाइकांना रवाना होते. पत्रिका भावकीतल्या माणसाच्या नंबरवरून आलेली असल्याने पुढचा माणूस ती न विचारता उघडतो.

कायद्याने मालामागचा माणूस पुन्हा समोर आणण्याचा प्रयत्न केला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क द्यावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करावे लागते, विक्रेत्याचा पत्ता दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा प्रकारच्या फसव्या मांडण्यांवर बंदी आली. ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई लावणे त्यातच मोडते. साकोलीच्या माणसासाठी सर्वांत उपयोगाची तरतूद वेगळीच आहे. कंपनी बंगळूरूची असो की गुरुग्रामची, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येते. पैसे खात्यातून गेले असतील तर १९३० वर, आणि तेही लगेच, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकली की ती गोठवणे अवघड होते.

मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या वस्तूसाठी हा मार्ग चालतो. बिल असते, ऑर्डरचा क्रमांक असतो, पार्सल उघडताना काढलेली चित्रफीतही पुरावा म्हणून देता येते. पण गटात आलेल्या फोटोवरून, नुसत्या मोबाइल नंबरवर आगाऊ पैसे पाठवून मागवलेली साडी आलीच नाही, तर तक्रारीच्या पहिल्याच रकान्यात काम अडते. तिथे विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता लिहायचा असतो.